कवट्यांच्या रुमालवाल्या मुला, हे तुझ्यासाठी

प्रिय...

इथेच पेन अडलं. तुझं नाव विचारायचं राहून गेलं, आणि चेहरा तर मी पाहिलेलाच नाही. दोन-अडीच तास तुझ्या दंडाला धरून वावरलो. घाटकोपरला तू "चला काका, सांभाळून जा" म्हणत उतरलास. गाडी विक्रोळीत शिरली तेव्हा माझी ट्यूब पेटली की या पोराला शोधायला आपल्या हातात काहीच नाही. आवाज तेवढा ओळखेन. जरा घोगरा, पण 'ळ' अगदी स्वच्छ.

म्हणून खुणा माझ्याच सांगतो, तू मला ओळखशील. गेल्या महिन्यातला रविवार, मैदानातला रॉक कॉन्सर्ट, पन्नाशीला टेकलेला एक टकला गृहस्थ, चष्म्याचा नंबर उणे आठ. मैदानाचं आणि बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की आयोजक कोण ते सगळ्यांना कळेल, मग आभार राहतील बाजूला आणि तक्रारअर्ज सुरू होईल. त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलणार आहेच, पण तुझ्या पत्रात त्यांचं नाव कशाला?

खरं तर आम्ही कॉलेजातले पाच जण जायचे होतो. महिनाभर ग्रुपवर नुसता जल्लोष. आदल्या रात्री एकाच्या मुलीची परीक्षा निघाली, एकाची कंबर धरली, एकाला ऑफिसचं काम आलं आणि चौथ्याने सरळ "यूट्यूबवर येईलच की रे" असं लिहून टाकलं. याच चौघांबरोबर मी धोबीतलावच्या रंगभवनात, त्या उघड्या नाट्यगृहात, इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवाला घसा फाटेस्तोवर ओरडलो होतो. हे आय-रॉक, आम्ही त्याला तसंच म्हणायचो, सुरू झालं १९८६ साली, आम्ही पोचलो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. रॉक मशीन या बँडचं नाव बदलून इंडस क्रीड होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते आणि 'आता ते आधीसारखे राहिले नाहीत' हे वाक्य फेकायच्या वयात आम्ही होतो. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता. रंगभवनाला शेजार झेवियर्स कॉलेजचा, आणि हॉस्पिटलंही जवळच. संपलं रंगभवन. आजाऱ्याची झोप मोडू नये हे मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. तरी त्या बाजूने बसने जाताना मान वळतेच. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनवाले वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले, त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बँडचं विमान चालवत फिरत होता, आणि मी डोंबिवलीत तान्ह्या पोराची दुपटी वाळत घालत होतो. तात्पर्य, वीसेक वर्षांत उघड्यावरचा एकही कॉन्सर्ट नाही. तेव्हा या वेळी एकटा तर एकटा, पण जायचंच, असं ठरवून निघालो.

पहिली तीन गाणी शहाण्यासारखा मागे उभा होतो. चौथं सुरू झालं. हे गाणं मी कॅसेटवर इतकं घासलंय की टेप पेन्सिलने गुंडाळून गुंडाळून पेन्सिलचे कंगोरे गेले होते. मग काय, पाय आपोआप पुढे गेले. मॉश पिट, म्हणजे स्टेजपुढे एकमेकांना धडका देत नाचणारा घोळका, बाहेरून मारामारीसारखा दिसतो, हे बायकोला समजावून मी थकलो. तिथे धक्का द्यायचा असतो, इजा करायची नसते, आणि कोणी पडला की आजूबाजूच्यांनी आधी त्याला उचलायचं, मग पुढचं. रंगभवनातही हेच होतं. मी अर्धा मिनिट बावीस वर्षांचा झालो. मग कोणाचं तरी कोपर आलं, चष्मा उडाला, आणि गर्दीने मला लाटेसारखं उचलून कडेच्या कुंपणापाशी नेऊन टाकलं.

उणे आठ म्हणजे काय ते चष्मा नसलेल्यांना सांगतो. नाकापासून साडेबारा सेंटिमीटरपर्यंत जग स्वच्छ असतं. त्यापुढे सगळं पाण्यात बुडालेलं. स्टेज म्हणजे लाल-निळ्या रंगाची कालवण. माणसं म्हणजे हलणारे खांब.

कुंपणाच्या खांबाला, म्हणजे बाऊन्सरला, सांगितलं की चष्मा आत पडलाय. तो म्हणाला, "अंकल, साइड में." साइड कुठली ते दिसत असतं तर काय हवं होतं! धडपडत मदतकक्षाला पोचलो. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, "सर, हरवलेल्या वस्तूंसाठी हा क्यूआर कोड स्कॅन करून फॉर्म भरा." मी म्हटलं, बाई गं, हरवलाय तो चष्माच. ती म्हणाली, "हो सर, फॉर्ममध्ये तसा ऑप्शन आहे." तिच्यावर मी रागावलो नाही, तिला तेवढंच शिकवून बसवलं होतं. पण ज्यांनी गेटवर माझी घरची पाण्याची बाटली कचऱ्यात टाकायला लावली आणि आत चौपट भावाने तेच पाणी विकलं, ज्यांनी महागड्या तिकिटांच्या रिकाम्या गोठ्यासाठी पुढची अर्धी जागा अडवली, त्यांना हजारोंच्या गर्दीत एक हात धरणारा माणूस ठेवणं परवडलं नाही, याची चीड अजून गेलेली नाही. आणि त्या फॉर्मला उत्तर? अजून यायचंय. हो, घरी येऊन भरला मी तो. मुलाकडून.

तर मी पत्र्याला टेकून खाली बसलो होतो. घरी जावं तर गेट दिसत नव्हतं, थांबावं तर स्टेज दिसत नव्हतं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं. चार हजारांच्या चष्म्यासाठी नाही. पन्नाशीचा माणूस पोरांच्यात नाचायला आला आणि बसला असा, हे त्या चौघांना कळलं तर काय म्हणतील, त्यासाठी.

आणि तू आलास. "काका, हा तुमचा का?"

चार पोरांनी पिटमध्ये कडं केलं होतं म्हणे, मोबाइलचे टॉर्च खाली धरले होते. ते मी पाहिलं नाही, तूच ओझरतं बोललास. पण तुम्ही लोकांनी आपलं आवडतं गाणं सोडून चिखलात एका अनोळखी माणसाचा चष्मा शोधला, आणि तो कोणाचा ते शोधत तू बाहेर आलास! एक काच गायब होती. दुसरी बुटांखाली घासून बाथरूमच्या खिडकीसारखी झालेली. ती तू तुझ्या बाटलीतल्या उरलेल्या पाण्याने धुतलीस, कवट्या छापलेल्या रुमालाने पुसलीस, माझ्या डोळ्यासमोर धरून विचारलंस, "काही?" मी म्हटलं, काही नाही. तू तो चष्मा त्याच रुमालात गुंडाळून माझ्या खिशात घातलास.

इथपर्यंत जे केलंस तेवढ्यासाठीही पत्र लिहिलं असतं. दोन ओळींचं. हे लांबलंय ते पुढच्यासाठी.

तू मला साउंडवाल्यांच्या मांडवामागे नेऊन उभं केलंस. (ही जागा आम्हा जुन्या लोकांची. आवाज सगळ्यात नीट तिथेच लागतो, कारण आवाज लावणारा तिथे उभा असतो. तुला हे कुठून माहीत?) मला वाटलं, आता हा परत आत पळणार. पळायलाच हवं होतंस, पैसे भरून आला होतास. तू माझ्या कानाशी वाकलास आणि म्हणालास, "काका, गिटारवाल्याने गिटार बदलली. दोन मानांची आणलीय."

मी काही विचारलं नव्हतं.

मग तू थांबलाच नाहीस. "बेसवाला स्पीकरवर एक पाय ठेवून उभाय, आपल्याकडे फोटोला गडावर ठेवतात तसा." "सिंगरने माइकचा स्टँड खांद्यावर घेतलाय, गदेसारखा." "ड्रमवाल्याच्या मागे पितळेची भली मोठी थाळी टांगलीय, अजून वाजवली नाहीये, मी लक्ष ठेवून आहे." आणि दोन गाण्यांनंतर, ऐन सोलोत, माझा दंड घट्ट दाबून: "काका, थाळी! आता!" आणि ती वाजली. अंगावर काटा आला रे. डोळे असते तर मी तिच्याकडे पाहिलंही नसतं, सगळ्यांसारखा गिटारवाल्याच्या बोटांकडे बघत बसलो असतो.

आमच्या वडिलांची पिढी बाळ ज. पंडितांच्या मराठी कॉमेंट्रीवर क्रिकेट बघायची. बघायची असंच म्हणायचे ते, ऐकायची नाही. रेडिओ समोर, डोळे मिटलेले, आणि मध्येच "काय सुंदर मारला!" मला ते लहानपणी नाटकी वाटायचं. त्या रात्री तसाच उभा होतो मी, डोळे मिटून. उघडून उपयोग नव्हता म्हणून नव्हे, मिटल्यावर जास्त दिसत होतं म्हणून.

तुझी निवड मला फार आवडली, हेही सांगतो. दुसरा कोणी असता तर नुसतं स्टेज सांगत राहिला असता. तू म्हणालास, "आपल्या डावीकडे एक बाप आहे, खांद्यावर मुलगी, तिच्या कानांना मोठे हेडफोन लावलेत. झोपलीय. एवढ्या आवाजात झोपलीय, तोंड उघडं." पुढच्या गाण्याला: "जागी झाली." त्याच्या पुढच्या: "परत झोपली." मी बँडइतकाच त्या मुलीतही गुंतलो होतो.

शेवटच्या गाण्यात मात्र तू गप्प झालास. मी वाट पाहिली, मग विचारलं, काय चाललंय? तू म्हणालास, "काही नाही काका. सगळे गप्प उभेत. तो पण नुसता उभाय, डोळे मिटून." म्हणजे त्या क्षणी तो आणि मी सारखेच.

दहाच्या आत आवाज बंद झाला, नियम आहे तसा. बाहेरच्या रेटारेटीचं आणि दादरपर्यंतच्या प्रवासाचं काय लिहायचं, ते सगळ्यांना माहीत आहे. दादरला मात्र माझी पुरती फजिती झाली असती. डोक्यात अजून मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मांचे जुने नंबर, २०२३ च्या डिसेंबरात त्यांचे ८ ते १४ झाले ते पायांनी मान्यच केलेलं नाही, आणि इंडिकेटर वाचायला डोळे नाहीत. तू "कल्याण स्लो, चार मिनिटं" असं वाचलंस आणि त्याच गाडीत चढलास. तुला घाटकोपरलाच जायचं होतं की माझ्यासाठी खोटं बोललास, हा संशय मला आजही आहे.

कुर्ल्याच्या आसपास मी विचारलं, हे असं सांगायला कुठे शिकलास? तू म्हणालास, "आजीला काचबिंदू आहे. रात्रीची मालिका मी सांगतो तिला. संवाद येतात हो ऐकू. पण सून मागे उभी राहून कसं बघते ते कोण सांगणार?"

हे वाक्य मी डोंबिवलीपर्यंत घोळवत आलो. आमची आई शेवटची तीन वर्षं जवळजवळ काही बघू शकत नव्हती. मी तिच्या शेजारी बसायचो, टीव्ही लावून द्यायचो, आवाज मोठा करायचो आणि स्वतः मोबाइल बघायचो. मला वाटायचं, ऐकू येतंय की तिला. कधीमधी ती विचारायची, "आता काय झालं रे?" मी म्हणायचो, काही नाही गं. तुझ्यापेक्षा दुप्पट वयाचा आहे मी, आणि हे सुचलं नाही मला. तू मला काही शिकवायला आला नव्हतास हे ठाऊक आहे. पण आभार मानायचे तर हेही त्यात आलं पाहिजे, लपवून कसं चालेल?

बाकी खुशाली. कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती, गेली. नवा चष्मा झाला, या वेळी मागे दोरी लावून घेतलीय, मुलगा हसतो. त्या चौघांनी ग्रुपवर विचारलं, "कसा झाला?" मी उत्तर दिलेलं नाही. बघू दे यूट्यूबवर. थाळीमागची गंमत तिथे कोण सांगणार आहे त्यांना!

त्या रात्री साडेअकराला घरी पोचलो, भिंत चाचपडत. बायको जागी होती. तिला मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन मानांची गिटार, गडावरचा पाय, गदा, पितळेची थाळी, खांद्यावर झोपलेली मुलगी. ती ऐकत होती आणि माझ्या खिशातून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत होती, तिची सवयच आहे ती. रुमाल उलगडला. चष्म्याच्या सांगाड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा कधी मोडला?"

चौथ्या गाण्याला, म्हटलं.

"मग हे सगळं पाहिलंत कधी?"

तुझा रुमाल धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. कवट्या जरा फिकट झाल्यात, रंग कच्चा होता. आजीला नमस्कार सांग.

तुझा,
उणे आठवाला काका
डोंबिवली (पूर्व)