तिसऱ्या दिवशीचा प्रश्न

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्रतिजैविकांच्या गैरवापराविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून लिहिले जाते आणि त्यात बहुतेक वेळा बोट रुग्णाकडे असते: चिठ्ठीशिवाय गोळ्या घेतल्या, बरे वाटताच सोडल्या, उरलेल्या घरातल्या दुसऱ्या कोणाला दिल्या. यात खोटे काही नाही. मात्र सर्वांत ताकदीची, इतर औषधे चालेनाशी झाली तर हाताशी असावीत म्हणून राखून ठेवायची प्रतिजैविके मुख्यतः रुग्णालयात, शिरेवाटे आणि डॉक्टरांच्या सहीने दिली जातात. त्यांचा हिशेब कोण ठेवतो आणि त्या हिशेबाचे पुढे काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही. रुग्णालयाच्या औषध विभागात आयुष्याची बरीच वर्षे काढलेला माणूस म्हणून मला त्याविषयी लिहावेसे वाटते.

एक ट्रीटमेंट शीट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मांडीचे हाड मोडल्यामुळे एक वृद्ध बाई दाखल झाल्या होत्या. शस्त्रक्रिया नीट पार पडली, दुसऱ्या रात्री ताप चढला, आणि रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टरांनी रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यात जिवाणू वाढतात का ते पाहण्यासाठी, पाठवून मेरोपेनेम हे ताकदीचे प्रतिजैविक सुरू केले. त्या रात्री, तेवढ्या माहितीवर, तो निर्णय चुकला असे मी आजही म्हणणार नाही. पुढे ताप उतरला, कल्चरमध्ये काही वाढले नाही, तरीही अकराव्या दिवशी औषध चालूच होते. शीटवर रोज नवी तारीख आणि खाली तीच ओळ, दर दोन-तीन दिवसांनी वेगळ्या अक्षरात उतरवलेली. औषध कशासाठी, हा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा होता. सिस्टर म्हणाल्या, हातावर सुई लावायला आता शीर उरलेली नाही. प्रत्येक डॉक्टरांचे उत्तर एकच होते, की आधीच्यांनी सुरू केले आहे म्हणजे काही कारण असेल. औषध थांबले तोवर बाईंना जुलाब सुरू झाले होते. आतड्यातले नेहमीचे जिवाणू प्रतिजैविकाने मारले गेले की तिथे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जिवाणू फोफावू शकतो, आणि त्यांच्या बाबतीत तेच घडले. हाडासाठी आलेल्या बाई आतड्याच्या दुखण्यासाठी आणखी दोन आठवडे राहिल्या. दिवसाला तीन या हिशेबाने त्या औषधाच्या कुप्या वॉर्डात मीच पाठवत होतो आणि दहा दिवस मलाही काही विचारावेसे वाटले नव्हते, ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

प्रतिजैविक सुरू करायला निमित्त असते: ताप, घसरलेला रक्तदाब, घाबरलेले नातेवाईक. थांबवायला निमित्त नसते. ड्यूटी बदलते, राउंड घाईत होतो, आणि बंद करून काही बिघडले तर जबाबदारी आपल्यावर येईल या भीतीने जो तो आधीची ओळ पुढे उतरवतो. म्हणूनच औषध सुरू झाल्यापासून 48 ते 72 तासांनी त्याचा फेरविचार व्हावा, असे या विषयातले जाणकार सांगत आले आहेत. तोवर कल्चरचा अहवाल बहुधा हाती येतो आणि दुखणे कुठल्या दिशेने चालले आहे तेही कळते. औषध बंद करायचे, की अधिक नेमके आणि सौम्य द्यायचे, इंजेक्शनऐवजी गोळीवर आणायचे, की चालू ठेवायचे आणि ठेवायचे तर कोणत्या तारखेपर्यंत, हे त्या दिवशी ठरले पाहिजे आणि शीटवर लिहिले गेले पाहिजे.

या काटकसरीमुळे रुग्ण दगावतील, अशी शंका घेतली जाते. जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या रुग्णाला पहिला डोस तासाभराच्या आत मिळालाच पाहिजे, त्यात हयगय नको. प्रश्न पुढच्या डोसांचा आहे. रुग्णालयांतील प्रतिजैविकांचा वापर सुधारण्याच्या प्रयत्नांवरील 221 अभ्यासांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराचा काळ सरासरी 11 दिवसांवरून सुमारे 9 दिवसांवर आलेला दिसला आणि मृत्यू वाढलेले आढळले नाहीत. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तात जिवाणू सापडलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना 7 आणि काहींना 14 दिवस औषध दिले गेले, आणि 7 दिवसांचा उपचार कमी पडला नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या संसर्गासारखे चिवट संसर्ग त्या चाचणीतून वगळलेले होते, हेही सांगायला हवे; सरसकट कापाकापी कोणीच सुचवत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी संसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाबाबत तर फारसा वादही उरलेला नाही. छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत औषध द्यावे आणि शस्त्रक्रिया संपल्यावर ते लांबवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच सांगितले आहे. टाके निघेपर्यंत इंजेक्शने चालू ठेवण्याची सवय मात्र सुटत नाही.

आता हिशेबाविषयी. वापर मोजण्याची सर्वांत रुळलेली पद्धत अशी की, वर्षभरात किती ग्रॅम औषध गेले ते पाहायचे आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ठरवलेल्या प्रमाणित दैनिक मात्रेने भागायचे. इंजेक्शनवाटे मेरोपेनेमसाठी ही मात्रा 3 ग्रॅम आहे. तुलनेला ती सोयीची आहे, पण लहान मुलांच्या वॉर्डात तिचा उपयोग होत नाही, आणि मूत्रपिंड दुबळे झालेल्या रुग्णांना डोस कमी द्यावा लागत असल्याने त्यांचा वापर कागदावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. दर 1000 रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल असणे म्हणजे एक रुग्णदिवस) किती दिवस प्रतिजैविक दिले गेले, हे मोजणे मला अधिक प्रामाणिक वाटते. तरीही दोन्ही आकडे फक्त किती गेले ते सांगतात. योग्य गेले की नाही ते सांगत नाहीत. त्यासाठी ठरलेल्या एका सकाळी प्रत्येक खाटेजवळ जाऊन शीट उघडावीच लागते: कारण लिहिले आहे का, कल्चर औषधाआधी घेतले का, थांबवण्याची तारीख आहे का. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली: नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. सप्टेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 2030 पर्यंत जगातील मानवी वापरापैकी किमान 70 टक्के प्रतिजैविके पहिल्या गटातील असावीत, असे उद्दिष्ट मान्य झाले. हे उद्दिष्ट एकंदर वापरासाठी आहे. गंभीर रुग्णांनी भरलेल्या आयसीयूला त्याच फूटपट्टीने मोजून नापास ठरवले, तर डॉक्टर आकडेवारीवरचा विश्वास गमावून बसतील. वॉर्डाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी किंवा तसेच रुग्ण असलेल्या वॉर्डाशी व्हायला हवी. याच कारणासाठी वापराचा अहवाल समितीच्या फाइलमध्ये न जाता, ज्या हातांनी औषध लिहिले त्या हातांत महिनाभरात पडला पाहिजे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि औषधनिर्माता आठवड्यातून दोन-तीनदा वॉर्डात उभे राहून डॉक्टरांशी बोलतात तेव्हा जेवढा फरक पडतो, तेवढा परिपत्रकाने पडलेला मी पाहिलेला नाही. रुग्णालयांच्या व्यवस्थापनाने या माणसांना त्यासाठी राखीव वेळ दिला पाहिजे. प्रयोगशाळाही सक्षम हवी, कारण कल्चरचा अहवाल यायला सहा दिवस लागत असतील तर तिसऱ्या दिवशी प्रश्न विचारून उत्तर मिळणार नाही.

2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे थेट ओढवलेले मृत्यू जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार होते, असा अंदाज आहे. आपल्या दैनिकाने या विषयाकडे लक्ष द्यावे आणि रुग्णालयांकडून माहिती घेताना यंत्रसामग्री व खाटांच्या संख्येबरोबरच त्यांच्या शीटवर कारण आणि थांबवण्याची तारीख लिहिली जाते का, हेही विचारावे, अशी विनंती आहे. नातेवाइकांनीही औषध कशासाठी चालू आहे आणि किती दिवस चालणार आहे, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

त्या बाईंच्या प्रसंगानंतर आम्ही शीटवर हे दोन रकाने ठळक चौकटीत छापून घेतले. पहिले काही महिने ते रिकामेच येत. मग चौथ्या दिवसाची कुपी पाठवताना मी वॉर्डात फोन करू लागलो. औषध अडवत नव्हतो. फक्त चौकटीत काय लिहू, एवढेच विचारत होतो. कित्येकदा पलीकडून थोडा वेळ शांतता असे, शीट उलटल्याचा आवाज येई, आणि मग डॉक्टर म्हणत, "थांबा, पाहून सांगतो."

आपला विश्वासू,
एक निवृत्त रुग्णालयीन औषधनिर्माता