जेवला नाही तरी इन्सुलिन

मिरज,
10 सप्टेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

ओंकारला टाइप वन मधुमेह, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही; तो आजारी पडून जेवला नाही तर इन्सुलिन द्यायचं का, असं विचारलंस. द्यायचंच. जेवणाआधीचं इन्सुलिन खाण्याच्या मानानं कमी-जास्त होईल, ते डॉक्टर सांगतील. पण रात्रीचं, चोवीस तास चालणारं, एक दिवसही चुकवायचं नाही. 'पोटात काही नाही, साखर उतरेल' म्हणत घरातली मोठी माणसं सुई थांबवतात आणि टाइप वनची पोरं त्यातूनच आयसीयूत पोचतात.

इन्सुलिन नसलं की रक्तात कितीही साखर असो, पेशींना ती घेता येत नाही. मग शरीर चरबी वितळवतं, यकृत तिचे कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ बनवतं आणि रक्तातलं आम्ल वाढत जातं. त्यात ताप असेल तर इन्सुलिनची गरज उलट वाढते.

सुरुवात फसवी असते. तहान, सारखी लघवी, मग मळमळ, उलट्या, पोटदुखी. आपल्याकडे याला हमखास 'पित्त झालंय' म्हणतात आणि उलटीचं इंजेक्शन, एक सलाईन देऊन घरी पाठवतात. खरी खूण श्वासात. सदरा वर करून मिनिटभर छाती-पोटाकडे बघ: श्वास खोल, जोरकस, पळून आल्यासारखा, पण घरघर नाही. कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1874 मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय. अंगातलं आम्ल कमी करायला शरीर श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असतं. तरी दमा समजून नेब्युलायझर लावण्यात वेळ जातो. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो खरा, पण तो सगळ्यांच्या नाकाला कळत नाही. वहिनींना आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

साखर 250 च्या वर किंवा उलटी, दोन्हींपैकी काहीही झालं की कीटोन बघायचे. लघवीची पट्टी डबीवर लिहिलेल्या सेकंदांनाच वाचायची, उशिरा वाचली तर रंग फसवतो. रक्तातले कीटोन मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम: 0.6 च्या आत ठीक, 1.5 च्या पुढे लगेच डॉक्टरांना फोन, 3 किंवा जास्त म्हणजे थेट दवाखाना. तोवर दहा-पंधरा मिनिटांनी घोट-घोट पाणी, मीठ घातलेलं ताक; साखर 200 च्या खाली आली तर साखरेचं सरबत, म्हणजे इन्सुलिन चालू ठेवता येतं.

आता सिरिंज. हे मुद्दाम लिहितोय, कारण याकडे कुणी बघत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कुप्या 40 युनिटच्या, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट, अशा असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. दुकानदारानं 100 ची, केशरी टोपणाची दिली आणि तू 20 च्या रेघेपर्यंत ओढलंस, तर अंगात फक्त 8 युनिट जातात. चार दिवस असं चाललं की कीटोन आलेच समज. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवायचा. आणि बेदाण्याच्या शेडवर जाताना कुपी गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. उन्हानं इन्सुलिनचा जोर जातो, दिसायला मात्र तसंच दिसतं.

काकूंना डापाग्लिफ्लोझिन सुरू झालंय म्हणतोस. ही मधुमेहाची गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते, त्यामुळे कीटोन भरपूर असूनही साखर 170-180 च दिसू शकते. त्यांच्या बाबतीत नुसत्या साखरेच्या मीटरवर विसंबू नकोस. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करणार असतील तर गोळी थांबवायची का, हे घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना विचार. ऑपरेशनआधीही ती निदान तीन दिवस बंद ठेवायला सांगतात.

दोन उलट्यांनंतरही पाणी ठरत नसेल, श्वास तसा असेल किंवा पोरगं गुंगीत असेल, तर गल्लीतल्या दवाखान्यात थांबू नकोस. कीटोन वाढल्यावरच्या उपचारात इन्सुलिन सुरू झालं की रक्तातलं पोटॅशियम झपाट्यानं उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून दर दोन-चार तासांनी रक्त तपासावं लागतं. मुलांना तर सलाईनही बेतानं द्यावं लागतं, कारण मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा 108 ला फोन करून सरळ सांगली-मिरजेत, आयसीयू असलेल्या ठिकाणी. दारातच सांगायचं: टाइप वन आहे, कीटोन आलेत, शेवटचं इन्सुलिन कधी नि किती दिलं.

पट्ट्यांची डबी तासगावात मिळाली नाही तर कळव, इथून एसटीनं पाठवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
विलास