गोचिडांच्या तापात आधी रक्ताची काचपट्टी, मग इंजेक्शन

संपादक महोदय,

गोचीड वाढले की जनावरे तापाने आजारी पडू लागतात, आणि बहुतेक ठिकाणी रक्त न तपासताच इंजेक्शने सुरू होतात. गोचिडांमुळे गाई-म्हशींना होणाऱ्या तीन प्रमुख आजारांपैकी थायलेरिओसिस आणि बबेसिओसिस आदिजीवांमुळे (एकपेशीय परजीवींमुळे) होतात, तर ॲनाप्लाझ्मोसिस जिवाणूमुळे. पशुवैद्यक अर्नोल्ड थायलर यांनी १९१० मध्ये या आजाराच्या जंतूचे, ॲनाप्लाझ्माचे, वर्णन केले, तेव्हा तोही आदिजीवच समजला गेला होता. तो जिवाणू आहे हे पुढे नक्की झाले, तरी गोठ्यातल्या उपचारात तिन्ही आजार अजून एकाच दावणीला बांधले जातात. थायलेरियावरचे बुपार्व्हाक्वोन किंवा बबेसियावरचे डायमिनाझीन ॲनाप्लाझ्माला आवरत नाही. पेनिसिलिनचाही उपयोग नाही, कारण ते ज्या पेशीभित्तिकेवर काम करते तीच या जिवाणूला नसते. चुकीच्या औषधात दोन-तीन दिवस गेले, तर तेवढ्या वेळात निम्मे रक्त संपलेले असू शकते.

लक्षणांवरून अंदाज बांधता येतो. थायलेरिओसिसमध्ये खांद्यापुढच्या गाठी सुजतात. बबेसिओसिसमध्ये तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, म्हणून लघवी लाल किंवा कॉफीसारखी होते. ॲनाप्लाझ्मोसिसमध्ये त्या पेशी प्लीहेत मोडल्या जातात. लघवी गडद पिवळी होईल, पण लाल होत नाही. पापणीच्या आतली बाजू आधी पांढुरकी आणि नंतर पिवळी पडते, शेण घट्ट होते, दूध एकदम आटते, गाभण जनावर गाभ टाकू शकते. सुरुवातीला ताप ४० ते ४१ अंश सेल्सिअस असतो. कावीळ दिसेपर्यंत तो बऱ्याचदा उतरलेला असतो आणि मालकाला वाटते, जनावर सुधारले. खरे तर धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. वासरांना हा आजार सौम्य होतो. दोन वर्षांवरची जनावरे मात्र दगावू शकतात.

पण अंदाज म्हणजे निदान नव्हे, दोन आजार एकत्रही असू शकतात. म्हणून औषध देण्याआधी कानाच्या टोकाच्या शिरेतून रक्ताचा लहान थेंब घ्यावा. स्वच्छ काचपट्टीवर दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो एकाच सरळ हालचालीत पातळ पसरावा, हवेत वाळवावा आणि मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटे बुडवावा. थर जाड झाला की पेशी एकमेकींवर चढतात. पट्टी ओली राहिली की पेशी फुटतात. मग जिम्सा रंगाने रंगवून १०० पट भिंगाखाली तेल घालून पाहिले, की तांबड्या पेशीच्या कडेला चिकटलेले ॲनाप्लाझ्माचे गडद जांभळे ठिपके दिसतात. रंगाचे कण गाळलेले नसले तर तेही असेच दिसतात, पण ते पेशींच्या बाहेरही विखुरलेले असतात. सोबत ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत थोडे रक्त पाठवावे, म्हणजे रक्तक्षय किती झाला तेही कळते.

ॲनाप्लाझ्मा ठरला, तर पशुवैद्यकाने ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्यावे. दीर्घकाळ काम करणाऱ्या, मिलिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या औषधाचा डोस दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम, म्हणजे दर १० किलोला १ मिलिलिटर. ३५० किलोच्या गाईला ३५ मिलिलिटर लागतात. ते स्नायूत, एका जागी १० मिलिलिटरपेक्षा जास्त नाही अशा बेताने, चार ठिकाणी विभागून द्यायचे. हे औषध शिरेतून देऊ नये. दूध किती दिवस वापरायचे नाही, हे बाटलीवर छापलेले असते आणि ते पाळायलाच हवे. औषध जिवाणूंची वाढ थांबवते, गेलेले रक्त भरून आणत नाही. खूप फिकट पडलेल्या जनावराला पळवले, पाडले किंवा दूर चालवत नेले, तर प्राणवायूअभावी ते जागीच कोसळू शकते. त्याला सावलीत बांधून चारा-पाणी तोंडाशी द्यावे, आणि गरज पडली तर रक्त चढवावे.

गोचीड निर्मूलनात फवारणी कमी पडते ती मुख्यतः मोजमापामुळे. १२.५ टक्के अमिट्राझ हे गोचीडनाशक असेल तर लिटर पाण्याला २ मिलिलिटर, आणि मोठ्या जनावराला चार ते पाच लिटर द्रावण लागते. एका बादलीत सगळा गोठा उरकला, की अर्धवट डोसातून वाचलेले गोचीड पुढच्या पिढीला प्रतिकारशक्ती देतात. (हेच औषध घोड्यांवर कधीही वापरू नये.) जनावराला आधी पाणी पाजावे, मग केसांच्या उलट दिशेने फवारावे. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, शेपटीच्या मुळाशी आणि कासेच्या फटीत हात घालून ओले झाल्याची खात्री करावी. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गोचीड एकाच जनावरावर सुमारे तीन आठवड्यांत वाढ पुरी करतो, म्हणून फवारणी त्या अंतराने पुन्हा करावी. हायलोमा जातीचा गोचीड मात्र भिंतींच्या भेगांत दडतो. तिथे औषध पोचले नाही आणि भेगा बुजवल्या नाहीत, तर जनावर स्वच्छ करूनही उपयोग नाही. हाताने काढताना फुगलेल्या माद्याच दिसतात. बारीक नर राहून जातात, आणि एका जनावरावरून शेजारच्यावर जात ॲनाप्लाझ्मा पसरवणारे तेच असतात.

एवढे करूनही हा आजार गोचिडाशिवाय पसरू शकतो. चावणाऱ्या मोठ्या माश्या तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तातून तो नेतात, आणि माणूस सुईतून. बरे झालेले जनावर बहुधा आयुष्यभर वाहक राहते व दिसायला ठणठणीत असते. त्याला टोचलेली सुई पुढच्याला टोचली की पुरे. लक्षणे दिसायला सात ते साठ दिवस लागतात, त्यामुळे सुईवर कुणाचा संशयही जात नाही. शिंगे कापण्याची करवत, खच्चीकरणाची हत्यारे, कानात बिल्ला मारण्याचा चिमटा यांचेही तसेच. दोन जनावरांच्या मध्ये रक्त आधी पाण्याने धुऊन मगच हत्यार जंतुनाशकात बुडवावे, कारण रक्त माखलेल्या हत्यारावर जंतुनाशक नीट काम करत नाही. सामूहिक लसीकरणाचे नियोजन करणाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे, की पथकाला लसीच्या जितक्या मात्रा मोजून देता, तितक्याच निर्जंतुक सुया द्या आणि परत आलेल्या वापरलेल्या सुयांचा हिशेब मात्रांशी जुळवून पाहा.

आपला,
एक पशुवैद्यक