'साइझ_टी'चा गुंता सोडवून दिल्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

आमच्या लायब्ररीतल्या 'लिही' फंक्शनचा कॉल मॅकवर कंपायल होत नव्हता, तेव्हा तुम्ही एररचा छोटा नमुना बनवून कारणासकट उत्तर दिलंत. मनापासून आभार. सी प्लस प्लसमध्ये इथे बरेच जण अडकतात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

ओव्हरलोड, म्हणजे एकाच नावाची पण वेगवेगळ्या टाइपची (डेटाच्या प्रकाराची) आर्ग्युमेंट घेणारी फंक्शन्स, चार होते: 'इंट३२_टी', 'युइंट३२_टी', 'इंट६४_टी' आणि 'युइंट६४_टी' (३२ आणि ६४ बिटांचे पूर्णांक; 'यु' म्हणजे अनसाइन्ड, ऋण नसलेले). 'साइझ_टी' (आकारमान सांगणारा पूर्णांक टाइप) दिला की लिनक्सवर बिनतक्रार चालायचं, मॅकवर मात्र 'कॉल इज अँबिग्युअस', म्हणजे कुठला ओव्हरलोड निवडायचा ते ठरत नाही. दोन्हीकडे साइझ_टी ६४ बिटांचाच! तुम्ही नेमकं बोट ठेवलंत: कंपायलर बिट मोजत नाही, टाइप बघतो. ६४ बिट लिनक्सवर युइंट६४_टी आणि साइझ_टी दोन्ही अनसाइन्ड लाँग, म्हणजे तंतोतंत जुळणी. मॅकवर युइंट६४_टी हा अनसाइन्ड लाँग लाँग, साइझ_टी मात्र अनसाइन्ड लाँगच. मग चौघांपैकी कुणाकडेही जायचं तर कन्व्हर्जन (एका टाइपचं दुसऱ्यात रूपांतर) लागतं, आणि चारही कन्व्हर्जन एकाच दर्जाची. अनसाइन्ड लाँग लाँगमध्ये काहीच सांडत नाही, इंटमध्ये वरचे ३२ बिट जातात. पण सी प्लस प्लसच्या मानकाच्या लेखी दोन्ही सारखंच. हा नियम आम्हाला आजही खटकतो.

साइझ_टीचा पाचवा ओव्हरलोड घालण्यापासून तुम्ही वेळीच अडवलंत. मॅकवर तो चालला असता, लिनक्सवर 'रीडेफिनिशन' (तेच फंक्शन दुसऱ्यांदा) म्हणून फुटला असता. कॉलच्या जागी 'स्टॅटिक_कास्ट' (टाइप मुद्दाम बदलायची सूचना) लावता येतो, पण तो भार प्रत्येक वापरणाऱ्यावर पडतो. तुमचा उपाय मुळावरचा: युइंट६४_टीसारखी टोपणनावं सोडा, मूळ टाइप धरा. इंट, लाँग, लाँग लाँग आणि तिघांचे अनसाइन्ड भाऊ, असे सहा ओव्हरलोड. आता कुठल्याही सिस्टिमवर साइझ_टीला आपलं घर सापडतं. शॉर्ट दिला तर तो इंटकडे जातो, कारण प्रमोशन (लहान पूर्णांक इंटमध्ये वाढवणं) हे कन्व्हर्जनपेक्षा वरचढ. डबल (दशांश संख्येचा टाइप) दिला तर अजूनही अँबिग्युअस, आणि ते तसंच हवं.

बूलचा (खरं-खोटं सांगणाऱ्या टाइपचा) सातवा ओव्हरलोड 'डिलीट' करायला सांगितलंत, तेही मोलाचं. डिलीट केलेलं फंक्शन निवडीत भाग घेतं आणि निवडलं गेलं की एरर देतं. ते नसतं तर 'ट्रू' गुपचूप इंट होऊन १ लिहिला गेला असता.

दोन आर्ग्युमेंटचं कोडंही तुम्हीच उलगडलंत. एक ओव्हरलोड (इंट, डबल), दुसरा (डबल, इंट), कॉल (१, २). पहिल्या जागी एक सरस, दुसऱ्या जागी दुसरा. जिंकायला सगळ्या जागी निदान बरोबरी हवी आणि एका जागी तरी सरशी. इथे कुणाकडेच ती नाही. (इंट, इंट) घातला की प्रश्न मिटतो.

असे ओव्हरलोड नुसते लिहिले तर कंपायलर चकार शब्द काढत नाही, एरर कॉल केल्यावरच येते. म्हणून प्रत्येक टाइपचा एकेक कॉल असलेली तुमची चाचणी फाइल आता लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर दर बदलाला कंपायल होते.

आपले कृतज्ञ,
ही लायब्ररी सांभाळणारे