इस्रायलमधल्या लोदच्या मावशींस, समासातल्या तीन शब्दांबद्दल

आदरणीय मावशी,
शालोम आणि सादर प्रणाम.

ज्यू धर्मातल्या ल्युबाविच हसिदी परंपरेचे रब्बी (धर्मगुरू) मेनाखेम मेंडेल श्नेअरसन यांनी आपल्या चुलत बहिणीला, जेरुसलेमच्या कवयित्री झेल्डा यांना, ब्रुकलिनहून धाडलेले आशीर्वादपत्र तुम्ही मला मराठीत उलगडून सांगितलेत, त्याला आता आठवडा होईल. तरी हे लिहिताना मन स्थिर राहत नाही.

तुमच्याआधी मी दोघा विद्वानांचे उंबरे झिजवले होते. एकांनी आधी हिब्रू शिकून यायला सांगितले. दुसऱ्यांनी कळवले की नेहमीच्याच शुभेच्छा आहेत, विशेष काही नाही. लहानपणीच जेरुसलेमला येऊन वडिलांना अंतरलेली, पन्नाशी उलटल्यावर १९६७ मध्ये पहिला संग्रह काढणारी आणि १९७१ मध्ये पतीला मुकलेली, मूलबाळ नसलेली ही बाई. तिला बारा वर्षांनी मोठ्या भावाने लिहिलेल्या पत्रात विशेष काही नाही! ज्यांच्या पत्रांचे तीसहून अधिक खंड निघाले, ते रब्बी स्वतः इस्रायलला कधीच गेले नाहीत. तिकडे जायचे ते त्यांचे पत्रच.

तुम्ही मात्र माथ्यावरच्या दोन अक्षरांपाशीच थांबलात. हिब्रूतली ‘बेथ’ आणि ‘हे’, म्हणजे ईश्वराचे स्मरण. तुमच्याकडे कागदावर आधी श्री काढतात ना, तसेच, असे म्हणालात. मग शेवटचा ‘बिव्राखा’ हा शब्द आला. ‘आशीर्वादासह’ असे सांगून तुम्हाला पुढे जाता आले असते, पण तुम्ही चष्मा काढलात, थोडा वेळ गप्प राहिलात आणि रेवदंड्याच्या शाळेत गिरवलेल्या त्या वळणदार अक्षरात, पेन्सिलीने, समासात लिहिलेत: ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. माझे वडील मला वसतिगृहात पाठवत त्या प्रत्येक पोस्टकार्डावर चिरंजीवानंतर हेच तीन शब्द असत. त्या क्षणी रब्बी मला कोणी दूरचे धर्मगुरू वाटले नाहीत; घरातला वडीलधारा माणूस लेखणी हातात घेऊन बसलेला दिसला.

विद्वत्ता पुष्कळांकडे असते. आलेल्या माणसाला बसायला पाट देऊन त्याच्या भाषेत बोलण्याइतका सज्जनपणा क्वचित भेटतो, आणि तो भेटला की आधीचे अपमान आठवूनही बोचत नाहीत. (खरे सांगायचे तर थोडे बोचतात.)

तो कागद मी झेल्डांच्या कवितांमध्ये ठेवला आहे. पेन्सिल पुसट होऊ नये म्हणून वर पातळ कागद लावला आहे.

आपला ऋणी,
एक मराठी वाचक