सूचना : इंडिकेटर व हॅझर्ड दिव्यांच्या वापराबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गेल्या काही सामूहिक प्रवासांत चौकातून सरळ जाताना चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत ठेवण्याची, म्हणजेच हॅझर्ड लावण्याची, सवय पुन्हा दिसून आली आहे. बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्याला आपल्या गाडीची एकच बाजू दिसते, त्यामुळे ‘सरळ जातो’ असे आपण सांगू पाहतो तेव्हा ‘मी तुमच्याच बाजूला वळतो’ असाच अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचतो. पावसात वा धुक्यात हॅझर्ड लावून गाडी चालवणेही टाळावे. मागच्याला गाडी थांबली आहे की चालू आहे ते कळत नाही आणि बहुतेक गाड्यांत त्या वेळी वळण्याचा इशाराही देता येत नाही. हे दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत, वाटेल तिथे गाडी उभी करण्याचा परवाना म्हणून नव्हेत.

लेन बदलताना स्टिअरिंग जेमतेम फिरते, त्यामुळे इंडिकेटर अनेकदा आपोआप बंद होत नाही. दुचाकीस्वारांनी तर तो आठवणीने बंद करावा. टिकटिक नेहमीपेक्षा जलद ऐकू आल्यास बहुधा एखादा बल्ब गेलेला असतो, तो पुढील प्रवासापूर्वी बदलून घ्यावा.