मेट्रनबाई, तो खोडलेला मसुदा अजून माझ्याजवळ आहे

आदरणीय मेट्रनबाई,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुमच्या निरोपसमारंभात मला बोलता आले नाही, म्हणून सर्वांसमोर सांगायचे होते ते या अनावृत पत्रातून सांगते.

त्या रात्री, सकाळी ऑपरेशन असलेल्या आजींना काही केल्या झोप येईना, तेव्हा ‘तुझ्या देवाचे काहीतरी म्हण’ म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि मी हलक्या आवाजात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे एक भजन म्हटले. सकाळी त्यांच्या मुलाने, इथल्या नर्सेस पेशंटना बाटवतात, अशी लेखी तक्रार दिली. आठवडाभरात घरमालकांनी मला खोली रिकामी करायला सांगितली.

कोणी म्हणे, काही म्हटलेच नाही असे लिहून दे. चर्चमधली काही मंडळी राज्यघटनेचा धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ पुढे करून भांडायला सांगत होती. तुम्ही मात्र चहा मागवला आणि एवढेच विचारले, ‘आजींनी मागितले होते, की तू सुरुवात केलीस?’ आजींनीच मागितले होते. पण त्या प्रश्नापुढे मला हेही कबूल करावे लागले, की पलीकडच्या खाटेवरील बाईंच्या उशाशी, त्यांनी न मागता, मी शुभवर्तमानाची एक पुस्तिका ठेवली होती. तिची तक्रार कोणीच केली नव्हती. ‘तेही लिही,’ तुम्ही म्हणालात. त्या वेळी मला तुमचा फार राग आला होता.

धर्माचा प्रसार करण्याचा हक्क घटनेने दिला आहे, पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटल्याचे तुम्ही सांगितले आणि लगेच तो विषय बाजूला सारलात. तुमचे म्हणणे निराळेच होते: ज्याचे सलाइन आपल्या हातात आहे, तो माणूस आपल्याला मोकळेपणाने ‘नको’ म्हणू शकत नाही, म्हणून त्याने विचारल्याशिवाय बोलायचे नाही आणि विचारल्यावर लपवायचे नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. ‘घरच्या माणसासाठी टिळकांना पाच वर्षे थांबावे लागले, मग तुला एका नाइट ड्यूटीत कसली घाई?’ असे तुम्ही म्हणालात, तेव्हा त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले.

माझ्या खुलाशातले ‘मला मुद्दाम गोवण्यात आले आहे’ हे वाक्य तुम्ही निळ्या पेनने खोडलेत, आणि चौकशीच्या वेळी माझ्या शेजारी येऊन बसलात. पुस्तिकेबद्दल मला लेखी समज मिळाली; ती योग्यच होती. आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्या, असे पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तो मसुदा मी त्याच पानात ठेवला आहे.

आजींचा मुलगा माझ्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. टाके काढायच्या दिवशी आजींना आधार द्यायला एका बाजूला तो उभा होता, दुसऱ्या बाजूला मी. नाताळात करंज्या घेऊन येते, तेव्हा बाकीचे बोलू.

तुमची,
सर्जिकल वॉर्डातील एक स्टाफ नर्स